गोल घड्याळाचे खरंच बारा वाजलेत का?

मोबाइलच्या कपाळावर वेळ. टीव्हीच्या डब्यावर वेळ. दुचाकीच्या मीटरवर वेळ, बँकेच्या टोकनवर वेळ. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावातही आता ‘किती वाजले?’ म्हटलं की माणूस भिंतीकडे बघत नाही, खिशात हात घालतो. मग काट्यांचं गोल घड्याळ निकालात निघालं म्हणायचं का? जरा दम धरा. आधी साक्षीदार तपासू. बरेचसे खोपोली-कर्जतच्या पट्ट्यातले आहेत, काही मुंबईचे, आणि दोन-चार सातासमुद्रापलीकडून आलेत.

१. दुकानातून कमी, मांडवातून जास्त

आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ कुणी क्वचितच विकत घेतं, ते येतं. लग्नाच्या आहेरात येतं, वास्तुशांतीला येतं, सेवानिवृत्तीच्या निरोपाला शाल-श्रीफळाच्या जोडीनं येतं, कबड्डीच्या सामन्यात उत्कृष्ट पकडीचं बक्षीस म्हणून येतं. काचेवर वर ‘सप्रेम भेट’ आणि खाली वर्गणी काढणाऱ्या सगळ्या मित्रमंडळाची नावं. नावं इतकी, की सहाचा आकडा शोधावा लागतो. निवडणूक जवळ आली की डायलवर हात जोडलेला एक हसरा चेहराही उमटतो. तो पुढं पडला तरी त्याच्या नाकावरून काटे फिरत राहतात.

आणि ही घड्याळं हमखास पाच मिनिटं पुढं लावलेली असतात. गंमत म्हणजे ती पुढं आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळं प्रत्येक जण मनातल्या मनात पाच मिनिटं वजा करतो आणि चहाचा आणखी एक कप घेतो. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप लागते. तिच्याशी अशी सेटिंग करायला कुणी जात नाही.

२. सेल संपत आला की काटा नवापाशीच का अडखळतो?

हे घरी बघता येईल. घड्याळ बंद पडायच्या बेतात असलं की सेकंदकाटा एकाच जागी थरथरत राहतो, आणि ती जागा बहुतेक वेळा नवाच्या आसपासची असते. भूतबाधा नाही, साधं गुरुत्वाकर्षण आहे.

आत क्वार्ट्‌झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या उगाच निवडलेली नाही: ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोब्बर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक झटका. तो झटका छोट्या मोटरला मिळतो आणि काटा एक घर पुढं सरकतो. बारापासून सहापर्यंत काट्याला उतार असतो. सहानंतर चढ सुरू होतो, आणि नवावर काटा आडवा असतो तेव्हा त्याचं वजन उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल थकलेला असेल तर तिथंच त्याचा दम निघतो. भोर घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं जोडतात. बिचाऱ्या काट्याला ती सोय नाही. तो थरथरतो, सेकंदभर वर उचलला जातो, पुन्हा खाली येतो. तुमच्या भिंतीवर असं दिसलं की घड्याळजीकडं धावू नका, किराणा दुकानात जा.

३. एका गाडीला दोन वेळा

रेल्वे खोपोलीला १८५६ मध्ये पोहोचली. तेव्हा भोर घाटाचं काम बाकी होतं, त्यामुळं प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं खंडाळ्याला चढत. घाटातून सलग गाडी सुरू झाली १८६३ मध्ये.

गाडी आली आणि वेळेची भांडणंही आली. त्याआधी प्रत्येक गावाची वेळ आपापली होती. डोक्यावर सूर्य आला की तिथं बारा. पुढं देशभरच्या रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढं, तर मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढं. फरक अर्ध्या तासाचा. म्हणजे वेळापत्रकातली पाचची गाडी मुंबईकराच्या घड्याळात साडेचारलाच हलायची.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. मुंबईकरांनी इतका गलका केला की १८८३ मध्ये हुकूम मागं घ्यावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा शहर पुन्हा पेटलं. जेकब ससून मिलच्या कामगारांनी त्या जानेवारीत काम बंद केलं, कारण नवी वेळ म्हणजे अंधारात उठून गिरणी गाठणं. महापालिकेनं तर जुनी ‘बॉम्बे टाइम’ कितीतरी वर्षं उराशी धरून ठेवली. ती कायमची मावळली थेट १९५० च्या दशकात. घड्याळाच्या काट्यावरून इतकं रण माजलं होतं. मोबाइलनं गुपचूप वेळ बदलली तर आज कुणाला पत्ताही लागत नाही.

४. आईसाठी मनोरा

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच. कापसाच्या व्यापारात गडगंज झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ मध्ये पुरा झाला. सांगतात ते असं, की प्रेमचंदांच्या आई राजाबाई यांना दिसत नव्हतं. जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळायला हवी. टोल कानावर पडले की कुणाला न विचारता त्यांना ती कळावी, म्हणून ही योजना. एकेकाळी हा मनोरा सोळा सुरावटी वाजवायचा. घड्याळ बघायचं नसतं तर ऐकायचं असतं, तो हा काळ. पूर्वी टोल घड्याळाचे पडायचे. आता खालापूरला टोल गाड्यांना पडतो.

५. कुंभिवलीची खरी दुपार

तुमच्या फोनवर दुपारचे बारा वाजतात तेव्हा कुंभिवलीत सूर्य माथ्यावर आलेलाच नसतो. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या आसपास. खालापूरचा पट्टा त्याच्या जवळपास ९ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटं, या हिशेबानं आपली खरी दुपार होते साधारण १२ वाजून ३७ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे ती चार-पंधरा मिनिटं इकडंतिकडं होते.

म्हणजे जुन्या माणसांची ‘सूर्य डोक्यावर आला, आता जेवायला चला’ ही हाक आणि मोबाइलचे बारा यांचं जे जमत नाही, त्यात चूक माणसाची नाही. तो आपल्या गावाच्या वेळेवर चालतोय, मोबाइल मिर्झापूरच्या.

६. काठीची सावली इथं उलटी फिरते

काटे डावीकडून उजवीकडं का फिरतात? कारण पहिली यांत्रिक घड्याळं उत्तर गोलार्धात घडली, आणि तिथं सावलीच्या घड्याळाची सावली त्याच दिशेनं सरकते. आपल्या प्रदक्षिणेची दिशाही तीच. महडच्या वरदविनायकाला प्रदक्षिणा घालणारा भाविक वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यासारखाच फिरतो. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं. म्हणून २०१४ मध्ये बोलिव्हियानं ला पास शहरातल्या संसदेच्या घड्याळाचे काटे चक्क उलट्या दिशेनं फिरवले.

आता खरी गंमत. बोलिव्हियापर्यंत जायची गरजच नाही. खालापूर-कर्जत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो आणि पुढं उत्तरेला सरकतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा माथ्यावरून दक्षिणेकडं परततो. मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या दिवसांत दुपारच्या आसपास जमिनीत ठोकलेल्या काठीची सावली घड्याळाच्या उलट दिशेनं फिरते!

पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात मीटरभर काठी सरळ उभी करा. बारापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. ऐन खऱ्या दुपारी सावली जेमतेम चार-पाच सेंटीमीटरची होईल, आणि खडे पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेकडं सरकलेले दिसतील. खर्च शून्य. सुट्टीत कंटाळलेल्या पोरांना याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

इर्शाळ, प्रबळ, राजमाचीला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना एक इशारा. ‘तासकाटा सूर्याकडं धरा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण’ ही पुस्तकी युक्ती युरोपात बरी चालते. आपल्याकडं उन्हाळ्यात तिच्या भरवशावर निघालात तर भलत्याच दरीच्या तोंडाशी पोहोचाल.

७. नेहमी दहा वाजून दहा

जाहिरातीतलं कुठलंही घड्याळ बघा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. त्या स्थितीत बाराखालचं कंपनीचं नाव झाकलं जात नाही, काटे दोन्ही बाजूंना सारखे फाकतात आणि डायल हसल्यासारखी दिसते. मनगटावरच्या अॅपल वॉचच्या जाहिरातीत तर दहा वाजून नऊ असतात. जगाच्या एक मिनिट आधी पोहोचल्याची ऐट!

महाराष्ट्रात या वेळेला राजकीय मानमरातबही आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचं चिन्ह असलेल्या गजराच्या घड्याळातही दहा वाजून दहाच झालेत. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगानं हे चिन्ह अजित पवार गटाला दिलं आणि शरद पवार गटाच्या वाट्याला पुढं तुतारी वाजवणारा माणूस आला. मग सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा वाद न्यायप्रविष्ट आहे असा खुलासा चिन्हासोबत छापा. ज्याच्यासोबत सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून खुलासा छापावा लागला असं जगात दुसरं घड्याळ सापडणं कठीण. आणि कालबाह्य वस्तूसाठी कुणी दिल्लीपर्यंत भांडत नाही, हेही नोंदवून ठेवा.

८. परीक्षेत शेवटी तेच उपयोगी

२०१८ मध्ये ब्रिटनमधून बातमी आली, की मुलांना काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही म्हणून काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमध्ये डिजिटल घड्याळं लावली. मुलं सारखी हात वर करून ‘किती वेळ राहिला?’ विचारायची.

आपल्याकडं गाडी उलटी निघाली. ‘नीट’च्या परीक्षेला मनगटी घड्याळ नेता येत नाही, साधं नाही, स्मार्ट तर नाहीच. फोन दाराबाहेर. आत भिंतीवर घड्याळ. दोन वर्षं ऑनलाइन क्लास करून, मोबाइलवर टायमर लावून अभ्यास केलेलं पोर आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तासांमध्ये शेवटी भिंतीकडं मान वर करतं. तिथं त्याला ‘४:२७’ कळण्यापेक्षा, मिनिटकाट्याला अजून किती जागा चालायची आहे हे कळणं जास्त मोलाचं असतं.

आणि नोकरी लागलीच सरकारी, तर २०२० पासून मंत्रालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. मोबाइल बघून ‘नऊ पंचेचाळीस’ म्हणणाऱ्या नव्या बाबूला पावणेदहा कुठं असतात हे डायलच दाखवते.

९. ‘एक घड्याळ काढून दाखवा’

विस्मरणाचा आजार तपासताना डॉक्टर वयस्कर रुग्णापुढं कोरा कागद ठेवतात आणि सांगतात: गोल काढा, आकडे भरा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. वाटतं सोपं. पण त्यात आठवण लागते, अंतराचा अंदाज लागतो, नियोजन लागतं. शिवाय ‘दहा’ ऐकून काटा दहाच्या आकड्यावर न नेता दोनवर न्यायचा, हे भान लागतं. कुणी सगळे आकडे एका बाजूला दाटीनं भरतो, कुणी काटेच विसरतो. कागद-पेन्सिलीच्या खर्चात डॉक्टरांना मोठी खूण मिळते.

विचार करा: ज्या पिढीनं काटे कधी वाचलेच नाहीत, ती सत्तरीला पोहोचेल तेव्हा डॉक्टर काय काढायला सांगणार?

डॉक्टरांचं घड्याळप्रेम इथंच थांबत नाही. स्तनातली गाठ नेमकी कुठं आहे हे ते घड्याळाच्या भाषेत नोंदवतात: ‘दोनच्या ठिकाणी’. डोळ्याच्या शस्त्रक्रियेतही तेच. एनसीसीच्या छात्रांनाही लक्ष्य दाखवायची हीच रीत शिकवतात: समोरच्या ठळक खुणेवर मनातल्या मनात डायल ठेवायची आणि ‘इर्शाळगडाचा सुळका, चार वाजता, एकटं झाड’ असं सांगायचं. दहा जणांची नजर एका झाडावर जाते. आकड्यांच्या घड्याळानं हे काम करून दाखवावं.

१०. फोनच्या पोटातही तेच

रेंज गेली की व्हॉट्‌सअॅपवर पाठवलेल्या निरोपाशेजारी काय दिसतं? छोटंसं गोल घड्याळ. डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांना त्याचं दर्शन वारंवार घडतं. फोनवर ‘क्लॉक’चं चित्र बघा: गोल, काटेवालं. इमोजींच्या यादीत घड्याळाच्या चोवीस डायली आहेत. पूर्ण तासांच्या बारा आणि साडेच्या बारा. महागडं स्मार्टवॉच घेणारे कितीतरी जण त्यावर काट्यांचीच डायल लावतात.

अॅपलला तर हे गोल रूप चांगलंच महाग पडलं. २०१२ मध्ये त्यांनी आयपॅडवर लावलेली डायल स्विस रेल्वेच्या स्टेशनवरच्या घड्याळासारखी निघाली. ते घड्याळ १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर या अभियंत्यानं आखलं होतं. त्याचा लाल सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि बारावर येऊन दीड सेकंद थबकतो. मग मिनिट पुढं पडतं आणि गाडी सुटते. बातम्यांनुसार अॅपलनं परवान्यासाठी तब्बल दोन कोटी स्विस फ्रँक मोजले.

११. डिजिटल म्हणजे बिनचूक? युरोपला विचारा

खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली उतरवायचं, चक्रं फिरवायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. अशा केंद्रांतून येणारी वीज सेकंदाला ठरावीक वेळा पुढं-मागं हेलकावा घेते. आपल्याकडं आणि युरोपात ५० वेळा. ओव्हन, रेडिओचा गजर अशी काही घड्याळं हे हेलकावे मोजूनच वेळ दाखवतात.

२०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या विजेच्या भांडणात युरोपच्या जाळ्यातला हा ताल किंचित मंदावला. मार्चपर्यंत पंचवीस देशांतली अशी घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागं पडली होती. लोकांना ऑफिसला उशीर झाला, आणि दोष सेलवर चालणाऱ्या गोल घड्याळाचा नव्हता. त्याला सरकारी विजेशी देणंघेणं नसतं. लोडशेडिंगमध्येही ते सुखानं टिकटिकत असतं, हे ग्रामीण महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

१२. भांडं बुडालं, घटका भरली

काट्यांच्याही आधी आपल्याकडं होतं घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा एक दिवस, अडीच घटकांचा एक तास. पंचांगात घटी-पळं आजही छापली जातात.

या भांड्याची सगळ्यात गाजलेली दंतकथा खानदेशाशी जोडलेली आहे. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला त्यांनी घटिकापात्र लावलं. नटलेली लीलावती कुतूहलानं त्यावर वाकली, दागिन्यातला मोती सुटून आत पडला आणि भोक बुजलं. भांडं बुडेना, मुहूर्त टळला. बापानं मग तिच्या नावानं गणिताचा ग्रंथ लिहिला, असं सांगतात. कथा खरी असो वा नसो, ‘घड्याळ बंद पडलं म्हणून उशीर झाला’ ही सबब नऊशे वर्षांची आहे!

१३. तेव्हा डिजिटल श्रीमंताचं होतं

आज डिजिटल घड्याळ जत्रेत खेळण्यासोबत मिळतं. १९७२ मध्ये पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ ‘पल्सर’ बाजारात आलं, तेव्हा ते सोन्याचं होतं आणि किंमत होती २,१०० डॉलर. लाल आकडे इतकी वीज खायचे की वेळ बघायला बटण दाबावं लागे. म्हणजे एका हातात घड्याळ आणि वेळ कळायला दुसरा हात. भाजीची पिशवी घेतलेल्या माणसाचं काम नव्हे.

आपल्या मनगटावर तेव्हा होतं एचएमटी. जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरूला १९६१ मध्ये या घड्याळांचं उत्पादन सुरू झालं. ‘जनता’ला रोज चावी द्यायची, बस्स. दहावी पास झालेल्या मुलाला वडिलांकडून, जावयाला सासऱ्याकडून हेच. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, आणि मग ज्यांनी ‘जनता’ ट्रंकेत फेकलं होतं तेच ते शोधायला लागले. गंमत अशी, की आज लाखांच्या किमतीत विकली जाणारी घड्याळं बहुतेक काट्यांचीच असतात. डिजिटल जत्रेत गेलं आणि काटे तिजोरीत.

१४. भोंगा वाजला, मोबाइल खाली

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं, वाचायचं. आता सांगा, मोबाइल बंद असताना साडेआठ वाजायला किती अवकाश आहे हे पोरं कुठं बघत असतील?

१५. जरा डोकं खाजवा

तासकाटा आणि मिनिटकाटा दिवसातून किती वेळा एकमेकांवर येतात? चोवीस म्हणालात तर हरलात. बावीस वेळा. मिनिटकाट्यानं गाठेपर्यंत तासकाटाही पुढं सरकलेला असतो, म्हणून बारा तासांत अकराच भेटी होतात.

दुसरं. बंद पडलेलं घड्याळ बरं, की रोज एक मिनिट मागं पडणारं? बंद पडलेलं दिवसातून दोनदा बरोबर असतं. मागं पडणारं मात्र एकदा चुकलं की बारा तासांचा फेरा पुरा होईपर्यंत, म्हणजे ७२० दिवस, चूकच! आणि सेल संपलेलं डिजिटल? ते काहीच दाखवत नाही. त्याला निदान चुकीचं तरी म्हणता येत नाही.

१६. निकाल

साक्षी झाल्या. ‘किती वाजले?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याचं काम गोल घड्याळाच्या हातून गेलंय, हे मान्य केलं पाहिजे. तिथं मोबाइल जिंकला. पण ‘किती वेळ उरला?’ या प्रश्नाला आकडे नीट उत्तर देत नाहीत. त्यासाठी मनात वजाबाकी करावी लागते. डायलवर ती नजरेला दिसते. परीक्षेच्या खोलीतल्या भिंतीला, डॉक्टरांच्या कागदाला आणि लग्नाच्या आहेराला अजून डायलच लागते. काट्यांचं घड्याळ मोडीत निघालेलं नाही. त्याचं खातं तेवढं बदललंय.

तेव्हा कपाटावर पडलेलं ‘सप्रेम भेट’ घड्याळ खाली काढा. नवा सेल घाला. आणि वेळ लावायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या. मोबाइलवरच्या वेळेवरून काट्यांच्या वेळेकडं त्याला एकदा जाऊ द्या. फक्त पाच मिनिटं पुढं लावू नका. त्यानं कुणीच कधी वेळेवर पोहोचलेलं नाही.